दुपटं की वाटी?

डायपर सोडला की बाळाचे हात थेट शीवर! दोनेक महिन्यांच्या बाळाला दुपटं बरं. छातीपासून कमरेपर्यंत सैलसर गुंडाळायचं, पाय मोकळे. दचकून हात फेकणंही थांबतं. पण बाळ कुशीवर वळू लागलं की दुपटं बंद; शिवाय सहा महिन्यांचं बाळ त्यात अडकलं की घर डोक्यावर घेतं.

तेव्हा हातात काहीतरी द्यायचं. खुळखुळा एकाच हातात मावतो, दुसरा मोकळाच राहतो (तोच नेमका बरबटतो). आमच्याकडे स्टीलची वाटी चालली: धरायला दोन्ही हात लागतात, चाटायलाही थंडगार. फक्त त्याच वेळी द्यायची, नाहीतर चार दिवसांत कंटाळा. पावडरचा डबा मात्र देऊ नका, झाकण निघतं.