टायमिंग चेनचं काम: भांडुपचं गॅरेज, २०,८०० रुपये आणि पै-पैचा हिशेब

तुमची डिझेल डिझायर सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखडते आणि मग आपोआप गप्प होते का? तर चालढकल करू नका. आमच्या २०१५ च्या गाडीचं १,२८,००० किलोमीटरला हेच सुरू झालं. इंजिनात क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवते ती टायमिंग चेन. टेन्शनर नावाचा भाग ऑइलच्या प्रेशरवर ही चेन घट्ट धरून ठेवतो. गाडी रात्रभर उभी राहिली की प्रेशर उतरतं, आणि चेन लांबलेली असेल तर प्रेशर पुन्हा येईपर्यंत ती आत आपटत राहते. पुढे चेक इंजिनचा दिवाही लागला.

आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली. त्यांनी ४६,५०० चं एस्टिमेट हातात ठेवलं. त्यात इंजेक्टर क्लीनिंग होतं, क्लच प्लेट होती, इंजिनची फाउंडेशनं, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, होती. चेनचे किती आणि लेबर किती, हे वेगळं करून द्या म्हटलं तर ‘मॅडम, पॅकेज आहे’. घरखर्चातून एवढी रक्कम काढणाऱ्या माणसाला हे उत्तर पुरत नाही.

मग शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीतल्या या गॅरेजात गेले. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांनी आधी स्कॅनर लावला. कोड आला पी ००१६, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ जुळत नाही. तेवढ्यावर गाडी खोलायला घेतली नाही. ‘ताई, आज गाडी इथेच ठेवा, उद्या सकाळी थंड इंजिनवर माझ्या कानाने ऐकतो, मग बोलू,’ म्हणाले. मला तिथेच भरवसा वाटला. क्लचबद्दल मी मुद्दाम विचारलं. एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, क्लच उत्तम आहे, हात लावायची गरज नाही.

या कामात चेनपेक्षा तिच्यापर्यंत पोचणं महाग पडतं. एका बाजूचं फाउंडेशन सोडवून इंजिनाला टेकू द्यायचा, खालचा ऑइलचा चेंबर उतरवायचा, टायमिंग कव्हर काढायचं, कॅम आणि क्रँक टूलने लॉक करायचे. लॉक न करता अंदाजाने चेन बसवली आणि एक दात जरी चुकला तरी गोंधळ. जास्त चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाचं, काम निघतं, म्हणून लॉकिंग टूल आहे का हे गॅरेजवाल्याला आधी विचारा. इथे आहे, मी पाहिलं.

जुनी चेन त्यांनी मला नव्या चेनशेजारी खिळ्याला टांगून दाखवली. वरची टोकं बरोबर जुळवलेली, तरी जुनी खाली काही मिलिमीटर जास्त लोंबत होती. टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला होता. चेन ज्यावरून सरकते त्या प्लॅस्टिकच्या गाइडवर तिने दोन खोल चर पाडले होते, नखाने सहज लागत होते. एवढं पाहिल्यावर फक्त चेन बदलून बाकी जुनंच ठेवायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. लेबर तेच लागतं, ते दोनदा कशाला भरायचं?

बिल असं: चेन, टेन्शनर, गाइड आणि दातेरी चक्रांचा किट ८,९००. पॅकिंग, सील, सिलिकॉन १,३५०. ऑइल आणि फिल्टर २,४५०. कूलंट ६००. लेबर ७,५००. सगळे मिळून २०,८००, जीएसटीसकट, पक्कं बिल. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा कुणी जुना दर लावत असेल तर तिथेच बोला. किट त्यांनी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून मागवला, खोका माझ्यासमोर फोडला. हे १.३ लिटरचं इंजिन मुळात फियाटचं. पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, स्विफ्ट अशा कितीतरी गाड्यांत ते होतं, त्यामुळे किट मिळतो आणि हात बसलेले मिस्त्रीही मिळतात. इंजिनाला मी दोष देणार नाही, इतकी वर्षं त्याने इमानाने साथ दिली.

काकांचं एक म्हणणं मला फार पटलं. दहा हजार किलोमीटरला ऑइल हा हिशेब मोकळ्या रस्त्याचा. सायन ते भांडुप संध्याकाळी रखडताना किलोमीटरचा काटा हलत नाही, इंजिन मात्र चालूच असतं. मुंबईत सात-साडेसात हजारालाच बदला, असं ते सांगतात. चेनचं आयुष्य ऑइलवरच आहे.

उणं एवढंच की गाडी ठरल्या वेळेपेक्षा उशिरा मिळाली, आणि उशीर होणार हे फोन करून मलाच विचारावं लागलं. बसायला जागा नाही, गल्लीत गाडी वळवताना त्रास होतो. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. रविवारी बंद. सकाळी खडखड ऐकवायची असेल तर आदल्या संध्याकाळी सातच्या आत गाडी नेऊन ठेवा, त्यानंतर शटर खाली येतं.