मेणपत्रा हातात घेऊन बघा, मगच पैसे मोजा

आमच्या वरुड भागात जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याचा आंबिया बहार फुलतो. माझ्या बागेत मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या दहा पेट्या आहेत. मागच्या डिसेंबरात एक माणूस गावात आला. म्हणाला, पोळ्यासकट मधाला दुप्पट भाव आहे, मेणपत्रे (चौकटीत बसवायचे मेणाचे पत्रे, ज्यांवर माश्या पोळं बांधतात) माझ्याकडून घ्या, भरलेली पोळी मीच उचलतो. कोऱ्या कागदावर तसं लिहूनही दिलं. मी १८,००० रुपये रोख मोजले.

असा मध मेणासकट खाल्ला जातो. त्यामुळे मेणपत्रा पातळ, बिनतारेचा आणि निव्वळ मधमाशीच्या मेणाचा लागतो. पिलावा कोठीतला, म्हणजे पेटीत माश्या पिल्लं वाढवतात त्या कप्प्यातला, जाड, तारेवर बसवलेला पत्रा इथे चालत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी गठ्ठा सोडून पाहिला नाही.

फेब्रुवारीत बाग पांढरीशुभ्र, पेट्या माश्यांनी खच्चून भरलेल्या, पण माश्या त्या पत्र्यांना तोंड लावेनात. चौकटीच्या कडेला वेडंवाकडं पोळं बांधत बसल्या. दोन-तीन पेट्यांत तेवढी घरं उठली, मध भरला. पहिला तुकडा कापून लेकीला दिला. तिनं चावला आणि लगेच थुंकला. "बाबा, हे तं मेणबत्तीवानी लागते!" मधला पत्रा नखानं खरवडला. मधाचा वास नाहीच, बोटाला नुसता तेलकटपणा. पॅराफिन होतं ते, मेणबत्तीचं मेण. मार्चचं ऊन लागलं तसे उरलेले पत्रे चौकटीतच लोंबले.

पैशापेक्षा बहार हातचा गेला याचं दुःख जास्त आहे. फोन बंद, कागदावर पत्ता नाही, बिल नाही. ठाण्यात पहिल्यांदा बिलच मागितलं.

म्हणून सांगतो, घेण्याआधी पत्र्याचा तुकडा तोडून मागा. खऱ्या मेणाला मधाचा वास येतो आणि थंडीत पडून राहिलं की त्यावर पांढरट साय धरते, ती उन्हात धरली की जाते. उचलण्याची हमी देणारा बिल देत नसेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि मुळात अख्खा पत्रा लागतच नाही. चौकटीच्या वरच्या दांडीला आपल्याच मेणाची बोटभर रुंद पट्टी चिकटवा. वसाहत भरलेली आणि बहार जोरात असला की पुढचं पोळं माश्या स्वतः ओढतात. यंदा मी तेच केलंय. काल सकाळी झाकण उचललं तर पट्टीखाली तळहाताएवढं पांढरं पोळं लोंबत होतं.