डिजिकॅम: हजारो फोटो नकाशावर पाहण्यासाठी, आणि चुकलेले फोटो जागेवर आणण्यासाठी

फोटो नकाशावर दाखवणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत, पण बहुतेकांची मजल टाचणी दाखवण्यापर्यंतच जाते. ती टाचणी भलत्याच गावात किंवा भर समुद्रात दिसली तर पुढे काय करायचे, याची सोय त्यांच्यात नसते. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समूहाच्या डिजिकॅम या फोटो सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे, आणि म्हणूनच मोठा संग्रह असलेल्यांनी ते वापरावे असे आमचे ठाम मत आहे. ते मोफत आणि ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅकओएस व लिनक्सवर चालते, आणि फोटो आपल्याच डिस्कवर राहतात.

पहिल्यांदा सुरू केल्यावर ते फोटोंचे मूळ फोल्डर विचारते आणि प्रत्येक फाइलचा मेटाडेटा (फोटोसोबत साठवलेली वेळ, जागा वगैरे माहिती) वाचून डेटाबेस तयार करते. संग्रह मोठा असेल तर याला बराच वेळ लागतो. ते संपेपर्यंत नकाशा अर्धवटच दिसणार. फोटो नेटवर्क ड्राइव्हवर असले तरी चालते, मात्र नेहमीचा एसक्यूलाइट डेटाबेस संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरच ठेवावा. तो नेटवर्कवर ठेवला की काम रेंगाळते आणि डेटाबेस बिघडण्याचा धोकाही असतो.

वरच्या पट्टीतले ‘मॅप’ बटण दाबले की चालू अल्बममधले फोटो नकाशावर येतात. जवळजवळचे फोटो एकाच थंबनेलखाली गोळा होतात आणि त्यावर आकडा दिसतो. झूम करत गेले की गठ्ठा फुटत जातो. खालच्या छोट्या बटणांकडे नवख्यांचे लक्ष जात नाही, पण खरी गंमत तिथेच आहे: गठ्ठ्यावर क्लिक केल्यावर झूम व्हावे, ते फोटो निवडले जावेत की फक्त तेवढेच गाळून दिसावेत, हे तिथे ठरते. डाव्या बाजूच्या ‘मॅप’ टॅबमध्ये नकाशावर चौकोन आखला की त्या भागातले फोटो, मग ते कुठल्याही अल्बमात असोत, समोर येतात. शोध नाव देऊन जपून ठेवता येतो. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप आणि गूगल मॅप्स दोन्ही आहेत, पण त्यांचे तपशील दिसायला इंटरनेट लागते.

ज्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही त्याचे फोटो नकाशावर आणायचे तर फोनवर किंवा हातातल्या जीपीएसवर नोंदवलेली जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेतल्या बिंदूंची वेळेसकट नोंद (ट्रॅक), लागते. फोटो निवडून ‘आयटम’ मेनूतून ‘एडिट जिओलोकेशन’ उघडावे, ‘जीपीएस कोरिलेटर’ टॅबमध्ये फाइल घ्यावी. फोटोची वेळ आणि ट्रॅकवरच्या बिंदूची वेळ जुळवून जागा ठरते, त्यामुळे सगळा भार घड्याळावर येतो. जीपीएक्समधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, कॅमेऱ्यातली स्थानिक. टाइमझोन चुकीचा निवडला की एक तर काहीच जुळत नाही, नाही तर सकाळचे फोटो दुपारच्या रस्त्यावर जाऊन बसतात. एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फोटोत माहिती लिहितो त्या प्रमाणित साच्यात, टाइमझोन नोंदवण्याची जागाच मुळी २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आली, म्हणून जुन्या कॅमेऱ्यांचा टाइमझोन आपणच सांगावा लागतो.

मिनिटाच्या फरकालाही किंमत आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत घड्याळ १ मिनिट चुकले तर फोटो १ किलोमीटर सरकतो. पायी चालताना तेवढ्याच चुकीने ७० ते ८० मीटर. उपाय सोपा आहे. फिरायला निघताना फोनवरचे सेकंदांसहित घड्याळ कॅमेऱ्याने टिपून ठेवायचे. नंतर ‘अ‍ॅडजस्ट टाइम अँड डेट’ मध्ये त्या फोटोवरून फरक काढून सगळ्या फोटोंची वेळ दुरुस्त करता येते, आणि मगच ट्रॅक जोडायचा.

ट्रॅकमध्ये खंड पडला असेल तर ‘इंटरपोलेट’ पर्याय आधीचा आणि नंतरचा बिंदू सरळ रेषेने जोडून मधली जागा काढतो. सपाट, सरळ रस्त्यावर हे चालून जाते. घाटात मात्र हाच पर्याय फोटो दरीत टाकतो, कारण रस्ता वळणावळणाचा आणि रेषा सरळ. तिथे कमाल वेळेचे अंतर कमी ठेवावे आणि उरलेले मोजके फोटो हाताने ओढून नकाशावर सोडावेत. ‘अप्लाय’ दाबेपर्यंत काहीही लिहिले जात नाही, म्हणून प्रयोग निर्धास्त करावेत.

टाचण्या चुकण्याची कारणे ठरलेली आहेत. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रात फोटो दिसले तर उपकरणाने जागा न मिळताच अक्षांश-रेखांश शून्य लिहिले आहेत. तिथे चौकोन आखून सगळे एकदम पकडावेत आणि जिओलोकेशन खिडकीत उजव्या क्लिकने ‘रिमूव्ह कोऑर्डिनेट्स’ करावे. फोटो ग्रिनिचच्या पलीकडे आरशातल्यासारखा उलटा पडला असेल तर पूर्व-पश्चिम खूण हरवलेली असते, कारण एक्झिफ आकडा नेहमी धन लिहितो आणि दिशा वेगळ्या टॅगमध्ये ठेवतो. हाताने आकडे भरताना ४० अंश ३० मिनिटे हे ४०.५ होतात, ४०.३० लिहिले तर फोटो सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला जातो. एखाद्या जुन्या साधनाने सेकंदांचा अपूर्णांक कापला असेल तर चूक ३० मीटरपर्यंत जाते, कारण अक्षांशाचा १ सेकंद म्हणजे जवळपास ३१ मीटर.

काही फोटो नकाशावर येतच नाहीत. उजवीकडच्या फिल्टरमध्ये ‘नो जिओलोकेशन’ निवडले की ते वेगळे दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रातून जागेची माहिती काढून टाकलेली असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर ती टिकते. अँड्रॉइड १० पासून ज्या अ‍ॅपला जागा वाचण्याची वेगळी परवानगी नाही, त्याला फोटोतली जागा मिळत नाही. अशा अ‍ॅपमधून संगणकावर आणलेल्या प्रतीही कोऱ्याच असतात. फोन केबलने जोडून मूळ फाइल उतरवणे हा खात्रीचा मार्ग.

जागा कुठे लिहिली जाते हे मेटाडेटाच्या सेटिंगमध्ये आधीच पाहून घ्यावे. जेपेगमध्ये थेट लिहायला हरकत नाही. रॉ फाइलला (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलला) हात न लावता एक्सएमपी साइडकार, म्हणजे माहितीची शेजारी ठेवलेली वेगळी फाइल, ठेवावा हे बरे. साइडकारचे नाव डिजिकॅम मूळ फाइलच्या पूर्ण नावापुढे एक्सएमपी जोडून ठेवते, तर अडोबीचे लाइटरूम मूळ एक्स्टेन्शन गाळते. दोन्ही वापरणाऱ्यांनी व्यावसायिक सॉफ्टवेअरशी सुसंगत नावांचा पर्याय सुरुवातीलाच चालू करावा, नाही तर एकाने लिहिलेले दुसऱ्याला दिसत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरने जागा बदलली असेल तर ‘रीरीड मेटाडेटा’ करावे.

अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांवरून गावांची नावे काढून टॅग बनवण्याची सोयही आहे. त्यासाठी आकडे बाहेरच्या सेवेकडे जातात, आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या नॉमिनॅटिम सेवेची मर्यादा सेकंदाला १ विनंती इतकीच आहे. थोडे थोडे फोटो द्यावेत.

पन्नास-शंभर फोटो एकदाच पाहायचे असतील तर एवढा पसारा नको. सर्वेक्षणाच्या कामाला क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर अधिक योग्य: त्यातले ‘इम्पोर्ट जिओटॅग्ड फोटोज’ अख्ख्या फोल्डरचा बिंदूंचा थर बनवते, दिशेचा रकाना वापरून कॅमेरा कुठे रोखला होता ते बाणाने दाखवता येते, आणि जागा नसलेल्या फोटोंची यादी वेगळी मिळते. मात्र रॉ फाइली ते ओलांडून जाते.

डिजिकॅममधून केएमएल (नकाशावरच्या जागांची) फाइल काढून गूगल अर्थ प्रोमध्ये उघडता येते. ती कुणाला देण्यापूर्वी त्यात घराजवळचे फोटो नाहीत ना, हे नकाशावरच एकदा तपासावे. फोटोच द्यायचे असतील तर ‘बॅच क्यू मॅनेजर’ मधल्या ‘रिमूव्ह मेटाडेटा’ने वेगळ्या फोल्डरमध्ये प्रती काढाव्यात, मूळ फाइलींमधली जागा शाबूत राहते.