अग्निरोधक तिजोरी, 14 महिन्यांनंतर: आग लागली नाही, पण कागद ओले झाले

सात आठवड्यांनी तिजोरी उघडली आणि आधी वास आला. बंद माळ्यावरच्या गोणपाटाला येतो तसा. घराची मूळ कागदपत्रं वरच्या कप्प्यात होती. फाईल हातात घेतली तर कागद कापडासारखे मऊ. स्टेपलरच्या पिना गंजलेल्या आणि त्यांचा तपकिरी डाग पहिल्या तीन पानांतून आरपार उतरलेला. त्यातलं एक पान सहीचं आहे. म्हणून हे लिहायला बसले.

लिटर, कप्पे, बोल्टची जाडी हे सगळं घेण्याआधी तुम्ही वाचताच, ते परत सांगत नाही. माझी तिजोरी 60 मिनिटं आग सोसणारी, कागदांसाठीची आणि अंकांच्या कीपॅडची आहे.

सेवा केंद्राला फोन केला. पलीकडचा म्हणाला, "मॅडम, पाणी बाहेरून शिरलं असेल, जागा बदला." तिजोरी कोरड्या भिंतीला लागून, बेडरूमच्या कपाटात आहे. आसपास नळ नाही, खिडकी नाही. तिसऱ्या फोननंतर माणूस आला, आत हात फिरवला आणि सहज म्हणाला, "हे नॉर्मल आहे, अग्निरोधक तिजोरीत ओल येतेच." येतेच, तर विकताना का सांगितलं नाही? माहितीपुस्तिकेत शोधलं. शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ सापडली: तिजोरी अधूनमधून उघडी ठेवावी. एवढंच. किती दिवसांनी, किती वेळ, का, यातलं काहीच नाही.

त्या रात्री मी एक तारा देऊन मोकळी होणार होते. मग ही चीज चालते कशी ते वाचलं आणि मत बदलावं लागलं. पत्र्याच्या दोन थरांमध्ये जो भराव असतो, त्यात मुद्दाम पाणी धरलेलं असतं. जिप्सममध्ये तर वजनाच्या सुमारे 21 टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. आग लागली की त्या पाण्याची वाफ होते, वाफ होताना ते उष्णता खातं आणि आतलं तापमान रोखून धरतं. कागदांच्या तिजोरीची नेहमीची कसोटी हीच: यूएल 72 या अमेरिकन मानकाच्या 350 वर्गात (हा आकडा फॅरनहाइटमधला) बाहेर भट्टी एका तासात 927 अंश सेल्सिअसपर्यंत चढते, आत 177 च्या वर जाता कामा नये. म्हणजे जे पाणी आगीत माझे कागद वाचवणार, तेच पाणी भरावात आहे. काँक्रीटसारख्या भरावात मोकळा राहिलेला ओलावा आग नसतानाही थोडा थोडा आत येत राहतो. दाराभोवती धूर अडवायला घट्ट पट्टी असते, त्यामुळे हा ओलावा बाहेर पडत नाही. सदोष माल मिळाला असं मी समजत होते, ते चूक होतं. दोन तारे परत दिले. तिसरा मात्र त्या बारीक अक्षरातल्या ओळीपायी देणार नाही.

आता उपाय, कारण यातच माझे चार महिने गेले. आधी आत छोटा आर्द्रतामापक ठेवला. दुसऱ्या दिवशी आकडा 78 टक्के. साठाच्या वर गंज वेग धरतो आणि सत्तरीत बुरशीचं फावतं, म्हणजे माझ्या पिनांचं जे झालं ते होणारच होतं. मग सिलिका जेल. छोट्या पुड्यांनी काही होत नाही, दोन दिवसांत त्या तृप्त होतात. मी अर्धा किलो मोकळे दाणे आणले, नारिंगी रंगाचे. ओल धरली की ते हिरवट होतात. मग ताटलीत पसरून ओव्हनमध्ये 120 अंशांना दोन-तीन तास ठेवायचे, की परत नारिंगी. तेच दाणे मी सहाव्यांदा वापरतेय. दर वेळी नव्या पुड्या घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. शिवाय दर रविवारी वीस मिनिटं दार उघडं ठेवते आणि तेवढा वेळ तिथून हलत नाही. कागद झिपच्या जाड पिशव्यांत घातलेत, पण आधी दोन दिवस पंख्याखाली वाळवून. ओला कागद पिशवीत कोंडला तर आणखी वाईट. सगळ्या पिना काढल्या, आता प्लास्टिकच्या क्लिपा. आकडा 50 च्या आसपास आहे.

पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क कागदांच्या तिजोरीत ठेवू नका. 177 अंशांत कागद तगतो, डिस्क तगत नाही. त्यांच्यासाठी 125 चा (हाही फॅरनहाइटमधला) वर्ग वेगळा आहे: आत 52 अंश सेल्सिअस आणि 80 टक्के आर्द्रता, यापलीकडे जायचं नाही. मी आईच्या आवाजाची रेकॉर्डिंग असलेली डिस्क याच तिजोरीत ठेवली होती. ती आता बहिणीकडे आहे.

बॅटरीचं थोडक्यात: चार पेन्सिल सेल, अल्कलाइनच घाला. एकदा साधे घातले तर महिन्याभरात कुलपाची मोटर कण्हायला लागली. आणीबाणीची किल्ली तिजोरीत नको, घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे असू द्या.

चोरीबद्दल माझी समजूत चुकीची होती. जाड दार बघून वाटतं की फोडणं अवघड असेल. पण आगीची चाचणी आणि फोडण्याची चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरावाभोवतीचा पत्रा बऱ्याचदा पातळच असतो. दागिने हे मुख्य कारण असेल तर ईएन 1143-1 या युरोपीय मानकासारखी फोडण्याविरुद्धची श्रेणी आहे का ते विचारा आणि तळातून जमिनीला बोल्ट मारून घ्या. बोल्ट कंपनीने दिलेल्या भोकांतूनच मारा. अग्निरोधक तिजोरीला स्वतः नवं भोक पाडलंत तर आगीला वाट करून दिलीत.

परत घेतली तर अग्निरोधकच घेईन, कारण मूळ कागद दुसऱ्यांदा मिळत नाहीत. पण पहिल्या दिवसापासून आत मापक ठेवीन. सहीच्या पानावरचा डाग गेला नाही. त्याची प्रमाणित प्रत मिळवायला अर्ज केलाय.