काळी सॅक, काळं अस्तर आणि काळी लेन्स कॅप: ३० लिटरच्या कॅमेरा बॅकपॅकचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ही सॅक मी हौसेने नाही, घाबरून घेतली. सात दिवसांचं फोटोग्राफी वर्कशॉप, घरापासून लांब, आधी विमान मग बस, आणि माझ्याकडे काय तर खांद्याला अडकवायची एक छोटी बॅग, ज्यात कॅमेरा आणि एक लेन्स कशीबशी कोंबता येते. वर्कशॉपवाल्यांनी सामानाची यादी पाठवली त्यात ट्रायपॉड, लॅपटॉप, कार्ड रीडर, एक्स्टर्नल ड्राइव्ह, रेनकोट, हेडलॅम्प असं सगळं बघून मी त्याच रात्री झोपेत असल्यासारखी ऑर्डर टाकली. ३० लिटर, वरून गुंडाळी करून बंद होणारी, पाठीच्या बाजूने पूर्ण उघडणारी, १४ इंची लॅपटॉपचा कप्पा, काळा रंग. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या प्रकारच्या सॅक आता डझनभर जण बनवतात आणि गुण-दोष बऱ्यापैकी सारखेच असतात, तुम्ही दुसरी कुठली बघत असाल तरी हे लागू पडेल.

बॉक्स उघडल्यावर पहिला धक्का म्हणजे रिकामी सॅकच २.१ किलो. वेबसाइटवर हे लिहिलेलं असतं, पण आपण तिथे कप्पे मोजत बसतो, वजन कोण बघतं. फोम, जाड कापड, मेटलचे हुक, या सगळ्याचं वजन तुम्हीच वाहणार आहात हे तेव्हा डोक्यात येत नाही. मी सगळं भरून मोजलं तर दहा किलोच्या वर गेलं! बऱ्याच विमान कंपन्या केबिन बॅगला सात किलो देतात (तुमची किती देते ते तिकिटावर बघा, सगळीकडे वेगळं असतं). दादा दारात उभा राहून बघत होता, म्हणाला, "वर्कशॉपला चाललीयस की घर सोडून?"

मग सुरू झाली काटछाट. ट्रायपॉड कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत. पाण्याची बाटली रिकामी, म्हणजे तिथेच एक किलो कमी. रेनकोट अंगात. तरी ७.१ भरलं, शेवटी लॅपटॉपचा चार्जर पण चेक-इनमध्ये टाकला तेव्हा कुठे काटा सातच्या खाली आला. बॅटऱ्या मात्र तिकडे टाकायच्या नाहीत हं, सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्यायच्या असा नियम आहे, आणि साधारण १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) परवानगी न घेता चालतं. हिशोब सोपा आहे, एमएएच भागिले हजार गुणिले व्होल्ट. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टला ७४ वॉट-अवर होते, म्हणजे चालते. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या तर त्यापुढे किरकोळ. फक्त सुट्ट्या बॅटऱ्यांची धातूची टोकं उघडी ठेवू नका, प्लास्टिकची टोपी लावा, नाहीतर चिकटपट्टी तरी. या सॅकमध्ये पुढच्या झाकणात चार छोटे खिसे आहेत जे बॅटरीसाठीच शिवलेत, हे मला जाम आवडलं. भरलेली बॅटरी तोंड वर करून, संपलेली उलटी. सात दिवस एकदाही गोंधळ झाला नाही.

आता पार्टिशनबद्दल, कारण यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय. आत वेल्क्रोचे फोमचे तुकडे येतात, ते हवे तसे लावून आपण कप्पे बनवायचे. ऐकायला मस्त. करायला बसलं की कळतं की वेल्क्रो तुमच्या मर्जीने चिकटत नाही, त्याच्या मर्जीने चिकटतं. एक तुकडा सरळ लावेपर्यंत दुसरा हाताला, तिसरा स्वेटरला. त्यात चौथ्या प्रयत्नानंतर माझ्या लक्षात आलं की मी कप्पे लेन्सच्या मापाने बनवतेय, आणि बनवायला हवेत हाताच्या मापाने. म्हणजे ७०-२०० (माझी लांबचं टिपणारी मोठी झूम लेन्स) बसते एकदम फिट्ट, पण बाहेर काढायला बोटंच आत जात नाहीत. घाईत तुम्ही लेन्स हूडला, म्हणजे पुढच्या काढता येणाऱ्या कड्याला, धरून ओढणार, हूड हातात येणार, लेन्स आतच. त्यामुळे प्रत्येक कप्प्यात दोन बोटं जातील एवढी जागा सोडा. आणि कॅमेरा लेन्स लावूनच बसेल असा एक लांब कप्पा ठेवा, बाहेर उघड्यावर लेन्स जोडत बसायची वेळ जेवढी कमी येईल तेवढं बरं. नवीन वेल्क्रोचे आणि फोमचे बारीक धागे-कण सुटतात ते मी व्हॅक्यूम क्लीनरने काढले. नाही काढले तर काय होतं ते बघायचं असेल तर एफ १६ ला (म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून) पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा, सेन्सरवरची, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो टिपणाऱ्या भागावरची, सगळी घाण काळ्या ठिपक्यांनी दिसते. माझे तीन ठिपके निघाले, त्यातले दोन ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) गेले, तिसरा माझ्यासोबत वर्कशॉपला आला.

जायच्या चार दिवस आधी मी पूर्ण भरलेली सॅक पाठीला लावून बिल्डिंगचे जिने चढ-उतार केले, पाऊण तास. शेजारच्या काकूंनी विचारलं, "बरी आहेस ना गं?" पण त्या पाऊण तासाने जे कळलं ते एकाही व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. कंबरपट्टा. पहिली दहा मिनिटं मी तो नुसता लटकू दिला होता, खांदे गेले कामातून. मग नीट बसवला, म्हणजे पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर, आधी तो घट्ट करायचा आणि मग खांद्याचे पट्टे ओढायचे, तर तीच सॅक निम्मी झाल्यासारखी वाटली. वजन खांद्यावरून कमरेवर उतरतं. या सॅकचा कंबरपट्टा जाड आहे, गादी भरलेला आहे, पण पाठीची लांबी कमी-जास्त करायची सोयच नाही, आणि माझी उंची पाच फूट एक. त्यामुळे पट्टा कमरेवर बसवला की खांद्याचे पट्टे खांद्यावरून थोडे वर हवेत राहतात. वर्कशॉपला एक सहा फुटी मुलगा सेम सॅक घेऊन आलेला, त्याचा पट्टा पोटावर यायचा. म्हणजे ही सॅक आम्हा दोघांच्या मधल्या कोणासाठी तरी बनवलीय.

आता मेन तक्रार. आतलं अस्तर काळपट राखाडी आहे.

तुम्ही म्हणाल यात काय. तर वर्कशॉपचा रोजचा कार्यक्रम असा की सूर्योदयाच्या निदान पाऊण तास आधी जागेवर पोचायचं, कारण उजाडायच्या आधीचा तो निळा प्रकाश हवा असतो, म्हणजे सगळं सामान काढणं-लावणं मिट्ट काळोखात. काळी सॅक, काळपट अस्तर, काळा कॅमेरा, काळ्या लेन्स, काळ्या कॅप, काळी रिमोट केबल. दुसऱ्याच दिवशी मी लेन्स कॅप काढली, सॅकमध्ये टाकली आणि ती गेली. हेडलॅम्प लावून शोधली, हात घालून चाचपडली, बाजूला एक काका लाँग एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढायचा फोटो) लावून उभे होते ते शांतपणे म्हणाले, "ताई, तो दिवा जरा..." मी इतकी ओशाळले की कॅपचा नाद सोडला. नंतर कळलं की हेडलॅम्पला लाल दिव्याचा मोड असतो तो अशा वेळी वापरायचा, अंधाराला सरावलेले डोळे त्याने कमी बिघडतात, पण लाल प्रकाशात तर ते अस्तर अजूनच काळं! बाकी कंपन्या आत केशरी, पिवळं, फिकट राखाडी अस्तर देतात ते दिसायला छान म्हणून नाही, हे मला तेव्हा कळलं. मी मग सरांकडून केशरी टेप मागून घेतली आणि कॅप, केबल, फिल्टरची डबी, सगळ्यावर एकेक तुकडा चिकटवला. घेण्याआधी आतला रंग बघा, एवढंच म्हणेन. वेबसाइटवर तो फोटो अगदी शेवटचा असतो.

पाठीकडून उघडायची सोय मात्र खरंच भारी. सॅक ओल्या गवतावर, चिखलात पुढच्या बाजूने टाकायची, पाठीची बाजू वर, म्हणजे परत पाठीवर घेताना शर्ट कोरडा. शिवाय कंबरपट्टा न सोडता खांद्याचे पट्टे काढून सॅक पुढे फिरवली तर ती पोटासमोर टेबलासारखी आडवी राहते आणि उभ्या उभ्या लेन्स बदलता येते. पहिल्या दिवशी हे करताना मी स्वतःभोवतीच एक गिरकी घेतली, तिसऱ्या दिवसापर्यंत सराईत.

ट्रायपॉड बाजूच्या खिशात लावला तर सॅक एका बाजूला कलते आणि दोन तासांत एक खांदा दुखायला लागतो. दुसऱ्या बाजूला भरलेली बाटली ठेवली की थोडं सावरतं, पण पाणी संपत जातं तसं परत कलते, हे गणित कुठल्या डिझायनरने केलं देव जाणे. पुढच्या बाजूला मधोमध लावायचे पट्टे आहेत ते वापरा, मग फक्त बसच्या दारातून आत जाताना मागच्या माणसाची काळजी घ्या.

पाऊस दोनदा आला. रेन कव्हर तळाच्या कप्प्यात असतं, बाहेर काढायला सोपं, पण ते पाठीची बाजू झाकत नाही, झाकूच शकत नाही, आणि पाठीवरून ओघळणारं पाणी बरोबर त्याच चेनकडे येतं जी तुमच्या कॅमेऱ्याच्या कप्प्याची आहे. आत पाणी गेलं नाही, खोटं का बोलू, पण चेनच्या कडेचा फोम दमट झाला होता. मी कॅमेरा ड्राय बॅगेत घालून मग आत ठेवायला लागले. त्या फोमचा एक फायदा मात्र झाला. पहाटे थंडीत फिरून उबदार खोलीत आलं की गार कॅमेऱ्यावर दव धरतं, लेन्सच्या आत पण. त्यावर उपाय म्हणजे बाहेरच सॅक बंद करायची आणि आत आल्यावर तासभर उघडायचीच नाही, फोममुळे आतलं सामान हळूहळू खोलीच्या तापमानाला येतं. कार्ड तेवढं बाहेरच काढून घ्यायचं, नाहीतर तासभर सॅककडे बघत बसावं लागतं, मी बसलेय.

कार्डवरून आठवलं. सॅकमध्ये लॅपटॉपच्या शेजारीच ड्राइव्हसाठी वेगळा खिसा आहे आणि सगळे रिव्ह्यूवाले त्याचं कौतुक करतात. मला तो खिसा पटत नाही. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल) २५ ते ३० एमबी, दिवसाला पाचशे फोटो धरले तर रोजचे १४ जीबीच्या आसपास, सात दिवसांचे जवळपास १०० जीबी. हे सगळं रोज रात्री लॅपटॉपवर आणि एक्स्टर्नल ड्राइव्हवर अशा दोन ठिकाणी घ्यायचं आणि दोन्हीकडे उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. पण लॅपटॉप, ड्राइव्ह आणि कार्ड तिन्ही एकाच सॅकमध्ये असतील तर सॅक हरवली की तिन्ही कॉपी गेल्या ना! मी ड्राइव्ह सॅकमध्ये ठेवलाच नाही, कपड्यांच्या बॅगेत मोज्यात गुंडाळून ठेवला. त्या खिशात टिश्यू पेपर ठेवले, छान बसतात.

चौथ्या दिवसापासून मी सॅकमधून एकेक गोष्ट खोलीवरच ठेवायला लागले. आधी लॅपटॉप, तो दुपारच्या एडिटिंगलाच लागायचा. मग ३५ची प्राइम (झूम नसलेली लेन्स), कारण मी ती चार दिवसांत एकदाही लावली नव्हती. मग फिल्टरचा अर्धा संच. शेवटच्या दोन दिवशी आत फक्त बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), दोन लेन्स, दोन बॅटऱ्या, पाणी, रेनकोट. आणि मग कळलं की वरची गुंडाळी मोकळी असली की ही सॅक ढिली पडते, आतलं सामान वरच्या रिकाम्या जागेत हलतं, चालताना पाठीमागे खुडबुड खुडबुड. बाजूचे दाबपट्टे ओढले तरी फार फरक नाही. म्हणजे भरली तर जड आणि रिकामी ठेवली तर डुगडुगते. माझ्यासारख्या कमी उंचीच्या आणि दोन लेन्सवाल्या माणसाला २० लिटरची पुरली असती, ३० लिटर त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे मोठी टेली लेन्स किंवा दोन बॉडी आहेत.

शिलाई, चेन, बकल याबद्दल तक्रार शून्य. सात दिवस चिखल-वाळूत लोळवली, एक धागा सुटला नाही. चेन थोडी अडकायला लागली होती ती जुन्या टूथब्रशने घासल्यावर परत लोण्यासारखी. पाचापैकी साडेतीन देते, एक गेला अस्तराचा, अर्धा पाठीच्या लांबीचा.

आणि ती कॅप. घरी येऊन पार्टिशन धुवायला काढली तर एका फोमच्या मागे वेल्क्रोला चिकटून बसलेली. तोवर माझी नवीन मागवून झाली होती.