मियाटाचे ब्रेक पॅड: एकच की दोन संच?

एनबी मियाटा (माझदाच्या उघड्या छताच्या छोट्या गाडीची दुसरी पिढी) रोज ऑफिसला न्यायची आणि वर्षातून चार-पाचदा लगुना सेका किंवा थंडरहिल या कॅलिफोर्नियातल्या रेस ट्रॅकवर पळवायची, तर इंजिनाआधी ब्रेककडे बघावं लागतं. टायर, ऑइल तुम्हाला ठाऊक आहेच. प्रश्न पॅडचा, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला (लोखंडी चकतीला) दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणाऱ्या ठोकळ्यांचा: रस्ता आणि ट्रॅक दोन्हींना चालणारा मधला पॅड बसवून मोकळं व्हायचं, की दोन संच ठेवून दर वेळी बदलायचे? मी दोन वर्षं पहिलं केलं, गेली तीन वर्षं दुसरं करतोय.

त्याआधी एक गोष्ट. लगुना सेकाच्या सरळ पट्ट्यानंतर आंद्रेत्ती हेअरपिन या तीव्र वळणाला पॅडल कडक लागतंय तरी गाडी थांबत नसेल, तर पॅड तापलेत. पॅडल मऊ होऊन खाली जात असेल, तर ब्रेक फ्लुइड, म्हणजे पॅडलचा दाब पॅडपर्यंत नेणारा द्रव, उकळलंय. तिथे भारी पॅडही कामाला येत नाही. डॉट ४ दर्जाचं फ्लुइड नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता तग धरतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. ताजं फ्लुइड दोन्ही पर्यायांत लागणारच.

मधल्या पॅडने ट्रॅकवर मला कधी दगा दिला नाही. सकाळी थंड असताना पहिले दोन सिग्नल तो जरा सुस्त वाटायचा, चाकांवर काळी पूड बसायची. तेवढं चालवून घेतलं असतं. चालवून घेता आलं नाही ते त्याचं किंचाळणं. आई भारतातून आली होती, तिला लिव्हरमोरच्या देवळात नेत होतो. छत उघडं. गाडी थांबतानाच्या शेवटच्या दहा फुटांत, प्रत्येक स्टॉप साइनला, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज. तिसऱ्या वेळी आईने कानांवर हात ठेवले. नंतर पॅडच्या कडा घासल्या, पाठीला ग्रीस लावलं. आठवडाभर शांत, मग पुन्हा तेच.

दोन संचांत मेहनत आहे, नाही कशाला म्हणू. पुढच्या चाकांना सोपं: खालचा बोल्ट काढून कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) वर फिरवायचा. मागच्या चाकांचा पिस्टन (कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा दट्ट्या) मात्र क्लॅम्पने दाबून आत जात नाही. कॅलिपरमागचा छोटा बोल्ट काढला की आत ४ मिमी अ‍ॅलन की बसते, ती फिरवून पिस्टन मागे घ्यायचा. नवे पॅड बसले की डिस्कला टेकेपर्यंत उलट फिरवून साधारण एक तृतीयांश फेरा सैल सोडायचा. पहिल्यांदा मला तीन तास लागले, आता सव्वा तासात चारही चाकं होतात. एका पॅडचा थर बसलेल्या डिस्कवर दुसरा पॅड लावला तेव्हा मला स्टिअरिंगला थरथर जाणवली, म्हणून डिस्कचेही दोन संच ठेवलेत. खर्च वाढला खरा, पण ट्रॅकचे पॅड रस्त्यावर झिजत नाहीत, त्यामुळे पुष्कळ टिकतात.

तुमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर घेऊ देत नसतील किंवा दर पंधरवड्याला ट्रॅकवर जात असाल, तर मधला पॅडच बरा. त्यात काही चूक नाही. पण शनिवारची सकाळ गाडीखाली घालवणं आवडत असेल, तर मी दोन संचांकडे झुकेन. पॅडच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने डावं-उजवं लिहून ठेवा, जागा बदलली की पुन्हा बसायला वेळ घेतात. आणि काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पॅडल कडक लागेपर्यंत दाबत राहा.