आरएनएफोल्ड वेब सर्व्हर: एनॉड४०च्या कसोटीवर

शेंगवर्गीय मुळावर गाठ धरू लागली की अगदी सुरुवातीला जागं होणारं एक जनुक म्हणजे एनॉड४०. त्याचा आरएनए सुमारे ७०० बेसचा (बेस म्हणजे साखळीतली ए, यू, जी, सी ही अक्षरं), पण लांब प्रथिनाचा संकेत त्यात नाही. सोयाबीनमध्ये त्यावरून १२ आणि २४ अमिनो आम्लांची दोन चिमुकली पेप्टाइडं बनतात. मेडिकागो या शेंगवर्गीय वनस्पतीत तर हा आरएनए आरबीपी१ हे प्रथिन केंद्रकातून पेशीद्रवात आणतो. तेव्हा त्याची घडी कशी पडते, म्हणजे साखळीतले कोणते बेस एकमेकांशी जोड्या जमवतात, हे पाहायलाच हवं.

क्रमावरून अशी घडी वर्तवणारी व्हिएन्ना विद्यापीठाची आरएनएफोल्ड ही वेब सेवा फुकट आहे आणि वेगवानही. क्रम फास्टा स्वरूपात (वर नावाची ओळ, खाली अक्षरं) चिकटवायचा, डीएनएतला टी असला तरी तो यू धरला जातो. पण इंट्रॉनसकट (आरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यांसकट) जनुक किंवा डीएनएचा उलटा, म्हणजे पूरक धागा टाकलात, तरी सर्व्हर हूं की चूं करत नाही. तितकंच देखणं चित्र काढून देतो. ही तपासणी आपणच करायची.

खरी गोम त्या चित्रातच आहे. किमान ऊर्जेची घडी ठसठशीत दिसते, पण खाली छापलेली तिची वारंवारता, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या घड्यांत तिचा वाटा, वाचा. एवढ्या लांबीच्या आरएनएला ती बहुधा एक टक्क्याच्याही खाली असते. म्हणून रंग जोडीच्या संभाव्यतेनुसार लावा, सेंट्रॉइड रचना (सगळ्या शक्य घड्यांची जणू सरासरी) शेजारी ठेवा आणि दोन्हींत टिकणारे स्टेमलूपच, म्हणजे जोडलेला देठ आणि टोकाला फास असे भागच, गंभीरपणे घ्या. तापमान मुळात ३७ अंशांवर ठेवलेलं असतं. मुळं इतकी तापत नाहीत, तेव्हा प्रगत पर्यायांत २२ ते २५ करून पुन्हा चालवा. ऊर्जेचे आकडे १ मोलर मिठातल्या मोजमापांवरून आलेले आहेत, पेशीतली प्रथिनं आणि रायबोझोम हिशेबात नाहीत, आणि स्यूडोनॉट, म्हणजे एका फासातले बेस त्याबाहेरच्या बेसांशी जुळून पडणारी गाठ, तर ही पद्धत काढतच नाही.

शेप प्रयोगाची (कोणते बेस मोकळे आहेत हे रसायनाने तपासणाऱ्या प्रयोगाची) आकडेवारी जोडायची सोय मात्र उत्तम. ती आकडेवारी ऊर्जेत बदलणाऱ्या डेगन पद्धतीसाठी सर्व्हरने आधीच भरलेले आकडे, १.८ आणि उणे ०.६, सुरुवातीला तसेच राहू द्या.

ती आकडेवारी नसेल, तर एकाच क्रमावर विसंबू नका. त्याच संचातल्या, अनेक क्रमांची सामाईक घडी काढणाऱ्या आरएनएअलिफोल्डला वेगवेगळ्या वनस्पतींतले एनॉड४० रांगेत लावून द्या. एका वनस्पतीत जी-सी, दुसरीत त्याच जागी ए-यू, अशी जोडी सांभाळून झालेली अदलाबदल म्हणजे ती जोडी खरी असल्याचा पक्का पुरावा. फार जवळच्या जाती घेतल्या तर असे बदलच सापडत नाहीत. फार दूरच्या घेतल्या, तर रांग मधल्या जतन झालेल्या भागाबाहेर विस्कटते. मग तेवढाच भाग कापून द्यावा.